झेनच्या मागे राहिलेला जपान

जपानी माणूस कसा, त्याची कला कशी, त्याच्या जगण्यामागचं तत्त्व कोणतं, हे जगाला सांगणारी तीन पुस्तकं जपानी लेखकांनी इंग्रजीत लिहिली. इनाझो नितोबे यांचं ‘बुशिदो’ १९०० साली अमेरिकेत निघालं. काकुझो ओकाकुरा यांचं ‘द बुक ऑफ टी’ १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये आलं. दाइसेत्सु सुझुकी यांचं झेन आणि जपानी संस्कृतीवरचं पुस्तक १९३८ साली क्योतोत छापलं गेलं, पण भाषा इंग्रजीच होती. जपानी वाचकाच्या हाती ही तिन्ही पुस्तकं भाषांतर होऊनच पडली, अनुक्रमे १९०८, १९२९ आणि १९४० साली. म्हणजे आपल्या चहाचं तत्त्वज्ञान काय आहे, हे क्योतोतला विद्यार्थी ज्या पुस्तकात वाचत होता, ते आधी बॉस्टनमधल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं होतं.

आज कुणी जपानबद्दल बोलू लागलं की काही गोष्टी आपोआप ओळीनं येतात. रेव पसरलेली बाग, रिकामी भिंत, चहाचा खडबडीत वाडगा, तीन ओळींची कविता, तलवार उपसण्याआधीची स्तब्धता. या सगळ्यांमधून ओवलेला धागा म्हणजे झेन. हा धागा कुणी ओवला, कधी ओवला आणि ओवताना काय काय बाजूला सारलं, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझं म्हणणं इथेच सांगून टाकतो. झेननं जपानी संस्कृती घडवली असं आपण मानतो, त्या समजुतीचा मोठा भाग गेल्या सव्वाशे वर्षांत पाश्चात्त्य वाचकासाठी आणि पाश्चात्त्य विचारांच्या आधारानं रचला गेला. जपानी विचारवंत त्या रचनेत बरोबरीचे भागीदार होते. आणि तिची किंमत पडली ती जपानमधल्याच साध्या माणसांना. त्यांची भक्ती, त्यांचे कष्ट, त्यांची नावं त्या चित्रात कुठे मावलीच नाहीत.

सुरुवात समजून घ्यायची तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावं लागतं. १८६८ साली मेइजी राजवट आली आणि नव्या सरकारनं शिंतो व बौद्ध उपासना वेगवेगळ्या करण्याचा हुकूम काढला. शतकानुशतकं एकाच आवारात नांदलेली दैवतं वेगळी काढली गेली. अनेक ठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या, ग्रंथ जाळले गेले, घंटा वितळवल्या गेल्या. १८७२ साली भिक्षूंना लग्नाची आणि मांसाहाराची सरकारी मोकळीक मिळाली, म्हणजे त्यांचं व्रत राज्याच्या लेखी निरर्थक ठरलं. नव्यानं शिकलेल्या वर्गाला बौद्ध धर्म परका आणि जुनाट वाटू लागला. या अपमानातून जे तरुण बौद्ध वाट शोधत होते, त्यांना एक गोष्ट लवकर उमगली. देशात गेलेला मान परदेशातून परत आणता येतो.

शिकागोची १८९३ सालची सर्वधर्म परिषद आपल्याकडे विवेकानंदांमुळे घरोघरी ठाऊक आहे. त्याच परिषदेत कामाकुरातल्या एंगाकुजी या झेन मठाचे प्रमुख शाकु सोएन यांचं भाषण झालं. त्या भाषणाचा इंग्रजी मसुदा करणारा तरुण म्हणजे सुझुकी. परिषदेत सोएन यांची ओळख पॉल कारुस या जर्मन वंशाच्या संपादकाशी झाली. विज्ञानाशी ज्याचं भांडण नाही असा धर्म कारुस शोधत होते आणि बौद्ध विचारात तो सापडेल असं त्यांना वाटत होतं. १८९७ साली सुझुकी त्यांच्याकडे इलिनॉयमधल्या ला साल या गावी गेले आणि १९०८ पर्यंत तिथेच भाषांतर आणि संपादनाचं काम करत राहिले. ज्या माणसानं पुढे जगाला झेन शिकवलं, त्याच्या विचाराची जडणघडण झाली ती या अकरा वर्षांत, एका अमेरिकन छापखान्याच्या सावलीत. विल्यम जेम्स यांचं धार्मिक अनुभवांवरचं १९०२ सालचं पुस्तक त्यांनी तिथेच वाचलं आणि आपला शाळासोबती किटारो निशिदा याला ते वाचायला सुचवलं. निशिदांच्या १९११ सालच्या पहिल्या ग्रंथात ‘शुद्ध अनुभव’ ही कल्पना मध्यवर्ती आहे आणि तिच्यावर जेम्स यांचा ठसा उघड आहे.

अभ्यासक रॉबर्ट शार्फ यांनी १९९३ साली एका गाजलेल्या लेखात या साखळीवर बोट ठेवलं. झेन म्हणजे कर्मकांड, ग्रंथ, संस्था यांच्या पलीकडचा थेट अनुभव, ही व्याख्या जुन्या मठांतून आलेली नाही. विसाव्या शतकात जपानी पंडितांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातून उचललेल्या शब्दांत ती मांडली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. तो मला बहुतांशी पटतो. एइहेइजीसारख्या मठातला दिवस डोळ्यांपुढे आणला की हे लक्षात येतं. पहाटे उठणं, सूत्रपठण, जेवणाचा वाडगा कसा उघडायचा आणि कसा पुसायचा याचे नेम, मुखमार्जनाचे नेम, पूर्वसूरींच्या नावांचं उच्चारण. तेराव्या शतकात झेन आचार्य दोगेन यांनी या बारीकसारीक नेमांवर पानंच्या पानं लिहिली, कारण त्यांच्या लेखी हा विधी हीच साधना होती. आणि मठांबाहेरचं झेन तर आणखी वेगळं आहे. सोतो या झेन पंथाची जपानमध्ये सुमारे चौदा हजार मंदिरं आहेत. त्यातल्या बहुतेक मंदिरांचं रोजचं काम म्हणजे अंत्यसंस्कार, वर्षश्राद्धं आणि गावातल्या घराण्यांच्या थडग्यांची देखभाल. पुजारी संसारी असतो, मंदिर बापाकडून मुलाकडे जातं, ध्यानाला बसणारे थोडेच. हे झेनचं पतन आहे असं म्हणण्याची एक पद्धत पडली आहे. मला तसं वाटत नाही. घरातलं माणूस गेल्यावर ज्याच्या दारात जायचं तो धर्म माणसांच्या जवळचा असतो, आणि कित्येक पिढ्या हे काम ज्यांनी केलं त्यांना खऱ्या झेनच्या यादीतून वगळणं हा अन्याय आहे.

सुझुकींवर आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. १९५३ साली चिनी इतिहासकार हू शी यांनी म्हटलं की झेन, म्हणजे मुळातलं चिनी ‘चान’, ही चीनच्या इतिहासातली एक चळवळ आहे आणि तिचा अभ्यास काळ-वेळ, राजकारण, माणसं यांच्यासकट व्हायला हवा. सुझुकींचं उत्तर असं की झेन आतून कळायला हवं, इतिहासाच्या हाताला ते लागत नाही. पश्चिमेनं सुझुकींची बाजू उचलून धरली. ते तेव्हा कोलंबिया विद्यापीठात व्याख्यानं देत होते आणि चित्रकार, संगीतकार, मानसोपचारतज्ज्ञ ती ऐकायला येत होते. इतिहासातून सुटलेली वस्तू कुठेही नेता येते, हे त्या विजयाचं एक कारण होतं. चीनमधून आलेलं, भारताशी नातं सांगणारं झेन अशा रीतीनं जपानी आत्म्याचा निखळ अर्क होऊन बसलं.

आता दोन उदाहरणांपाशी थोडं थांबतो, कारण समजूत घडते कशी ते त्यांतून नीट दिसतं.

पहिलं धनुर्विद्येचं. ऑयगेन हेरिगेल हे जर्मन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक १९२४ ते १९२९ या काळात सेंदाइच्या विद्यापीठात शिकवत होते. मध्ययुगीन जर्मन गूढवादाची त्यांना ओढ होती आणि तीच गोष्ट झेनमध्ये सापडेल या आशेनं ते जपानला आले होते. झेन थेट शिकणं कठीण, एखाद्या कलेतून शिका, असा सल्ला त्यांना मिळाला, आणि ते केन्झो आवा यांच्याकडे धनुष्य चालवायला शिकू लागले. १९४८ साली त्यांचं छोटंसं पुस्तक जर्मनीत आलं, १९५३ साली सुझुकींच्या प्रस्तावनेसह इंग्रजीत. नेम न धरता नेम लागतो, बाण सोडणारा ‘मी’ उरत नाही, हा त्याचा गाभा. त्यात एका रात्रीचा प्रसंग आहे. अंधारात लक्ष्यासमोर एक उदबत्ती तेवढी पेटवलेली. आवांनी दोन बाण सोडले. पहिला मध्यावर बसला, दुसरा पहिल्याच्या शेपटात घुसला. पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रसंग राहतो.

शोजी यामादा या जपानी संशोधकानं २००१ साली हा सगळा वृत्तांत मुळापासून तपासला. यामादा स्वतः धनुर्विद्या शिकलेले, त्यामुळे आखाड्यातली भाषा त्यांना ठाऊक होती. आवा झेनचे साधक नव्हतेच. १९२७ साली त्यांनी स्वतःचाच एक पंथ काढला होता आणि त्यांच्या समकालीन धनुर्धरांपैकी अनेकांना तो विक्षिप्तपणा वाटे. शिष्य-गुरूंच्या मध्ये सोझो कोमाचिया हे दुभाषे होते. आवांचं बोलणं परस्परविरोधी किंवा अगम्य होई, तेव्हा आपण ते मोकळेपणानं जुळवून सांगत असू, असं त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलं आहे. आणि त्या रात्रीच्या प्रसंगी तर दुभाषे हजरच नव्हते. दोन बाणांचं म्हणाल, तर आवांनी पुढे आपल्या एका जवळच्या शिष्याला सांगितलं की तो केवळ योगायोग होता. हेरिगेल १९३७ साली नाझी पक्षात गेले आणि युद्धाच्या अखेरच्या काळात एर्लांगेन विद्यापीठाचे कुलगुरू होते, हेही त्यांच्या वाचकांना फार उशिरा कळलं.

यात हेरिगेल खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांची तळमळ खरी होती, सराव खरा होता. पण ते जे शोधायला आले होते तेच त्यांना सापडलं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९५६ साली पुस्तक जपानीत आलं. त्याआधी धनुर्विद्येच्या जुन्या पोथ्यांत झेनचा उल्लेख क्वचितच असे. युद्धानंतर, युद्धविद्यांवर संशयाची छाया असताना, धनुर्धरांना आपल्या कलेची ही नवी, आध्यात्मिक ओळख हवीहवीशी वाटली. परदेशी शिष्य आखाड्यात येऊन झेनबद्दल विचारू लागले आणि गुरू झेनबद्दल बोलू लागले.

दुसरं उदाहरण र्योआनजीच्या बागेचं. क्योतोतलं हे झेन मंदिर १४५० साली स्थापन झालं, ओनिनच्या युद्धात जळालं, पुन्हा उभं राहिलं. पाठीमागे मातीची जुनी भिंत, पुढे पांढरी रेव, तीत पाच ठिकाणी मिळून पंधरा शिळा. ओसरीवर कुठेही बसलं तरी एक ना एक शिळा नजरेआड राहते. रोज दाताळ्यानं रेवेवर रेघा ओढल्या जातात. जगातल्या कुठल्याही ‘झेन गार्डन’चा हा मूळ नमुना, आणि ती पाहून आपल्याला शून्याचा अनुभव यावा अशी अपेक्षा असते.

अठराव्या शतकात मात्र लोक या मंदिरात यायचे ते तिथल्या तळ्यासाठी. तळ्यावरच्या मांदारिन बदकांमुळे मंदिराला बदकांचं मंदिर म्हणत. शिळांच्या बागेचं वर्णन १७९९ सालच्या एका सचित्र ग्रंथात येतं, आणि लोक तिला वाघिणीनं पिल्लांना नदी पार करून नेण्याचा देखावा म्हणून ओळखत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही ती क्योतोतल्या अनेक बागांपैकी एक होती, सगळ्यात नावाजलेली अजिबात नव्हती. डच अभ्यासक वायबे क्युइटर्ट यांनी १९८८ साली दाखवून दिलं की झेन बाग ही कल्पना पहिल्यांदा ठळकपणे दिसते ती लोरेन कक या अमेरिकन बाईंच्या क्योतोतल्या बागांवरच्या पुस्तकात, १९३५ साली. युद्धानंतर मग एकामागून एक गोष्टी घडत गेल्या. १९४९ साली यासुजिरो ओझू यांच्या ‘लेट स्प्रिंग’ चित्रपटात दोन वडील त्या ओसरीवर बसून मुलींच्या लग्नाबद्दल बोलले. १९५४ साली वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस आले आणि आधुनिक वास्तुकलेला जे हवं ते सगळं इथे आधीच आहे असं त्यांना वाटलं. १९६२ साली संगीतकार जॉन केज आले आणि पुढे त्यांनी या बागेच्या नावाची रचना केली. १९७५ साली राणी एलिझाबेथ येऊन गेल्या. १९९४ साली क्योतोच्या वारसास्थळांसोबत युनेस्कोच्या यादीत नाव लागलं.

बाग कुणी केली ते नक्की माहीत नाही. एका शिळेच्या पाठीमागे दोन नावं कोरलेली आहेत, त्यातलं एक कोतारो असं वाचता येतं. ओसरीवरून ती दिसत नाहीत. ही नावं बहुधा कावारामोनोंची आहेत. कावारामोनो म्हणजे नदीकाठच्या पडीक जागेत राहणारे, कातडी कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे, समाजानं अस्पृश्य मानलेले लोक. माती, पाणी, दगड यांची जाण त्यांच्या हातांत होती, म्हणून पंधराव्या शतकातल्या उत्तम बागा त्यांनी केल्या. त्यांच्यातला झेनआमी हा तर अशिकागा योशिमासा या शोगुनचा लाडका बागकर्मी. त्याचा नातू माताशिरो यानं, आपण कावारामोनोच्या घरात जन्मलो याचं दुःख आहे, म्हणून जीव घ्यायचा नाही आणि लोभ धरायचा नाही असं व्रत घेतलं आहे, असे उद्गार काढल्याचं शतकाच्या अखेरीस एका झेन भिक्षूनं आपल्या रोजनिशीत नोंदवलं. मराठी वाचकाला या नोंदीपाशी थबकायला होईल, मलाही झालं. शिळांमध्ये शून्यता पाहणाऱ्या पुस्तकांचे ढीग आहेत. दगड उचलून बसवणाऱ्या माणसाबद्दल त्यांत एखादी ओळही सहसा नसते. आणि हा प्रश्न मध्ययुगात संपलेला नाही. १८७१ साली कायद्यानं भेद मिटला तरी व्यवहारात राहिला, आणि १९२२ साली क्योतोतच या समाजातल्या तरुणांना ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारावी लागली.

झेनआमी आणि त्या काळातले इतर कलावंत, म्हणजे नोआमी, सोआमी, नोह नाट्याचे झेआमी. या नावांच्या शेवटी येणारं ‘आमी’ अमिदा बुद्धाशी, म्हणजे अमिताभाशी, नातं सांगतं. असं नाव लावण्याची रीत इप्पेन या तेराव्या शतकातल्या फिरत्या संन्याशानं काढलेल्या पंथात होती. इप्पेन गावोगाव हिंडले, अमिदाचं नाव घेत लोकांसोबत नाचले, आणि नाम घेणाऱ्याची जात, लिंग, शुद्धाशुद्ध त्यांनी पाहिलं नाही. वारकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच शतकात शिनरान यांनी शिकवलं की माणूस स्वतःच्या बळावर तरत नाही, अमिदाच्या करुणेनं तरतो, आणि पापी माणूस तर त्या करुणेचा पहिला हक्कदार. शिनरान यांच्या परंपरेची मंदिरं आज जपानमध्ये वीस हजारांच्या वर आहेत. ज्या कलांना आपण झेनच्या म्हणतो, त्या करणाऱ्या हातांपैकी कित्येक हात नामजपाची माळ ओढणारे होते. नोह नाटकांत भटक्या आत्म्यांना मुक्ती मिळते ती वारंवार नामानं आणि सद्धर्मपुंडरीक सूत्रानं.

हायकूचंही तसंच आहे. आर. एच. ब्लाइथ यांनी १९४९ पासून चार खंडांत हायकू इंग्रजीत आणली आणि हायकू म्हणजे झेन हे समीकरण मांडलं. ब्लाइथ हा विलक्षण माणूस होता. युद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून जपाननं त्यांना नजरकैदेत ठेवलं आणि युद्धानंतर ते युवराज अकिहितो यांचे इंग्रजीचे शिक्षक झाले. त्यांचं काव्यप्रेम निर्विवाद आहे. पण त्यांच्या समीकरणात इस्सा बसत नाही. इस्सा हा शिनरान यांच्या परंपरेतला गरीब, पोटची मुलं गमावलेला भाविक. त्याची माशी, त्याची गोगलगाय ही ध्यानातून आलेली नाही, दयेतून आलेली आहे. हायकूकार बाशोनं झेन साधना केली हे खरं, पण त्याची कविता घडली ती मित्रांसोबत रात्रभर चालणाऱ्या साखळी-रचनेच्या बैठकांत, हास्यविनोदात. मराठीत शिरीष पै यांच्यामुळे हायकू रुजली. आपल्या हायकूचर्चेत क्षण, मौन, निसर्ग हे शब्द जितके येतात तितके भक्ती आणि बैठक हे येत नाहीत.

रंगांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. १९३३ साली जर्मन वास्तुकार ब्रूनो टाउट जपानला आले. कात्सुरा राजवाड्याच्या साध्या लाकडी रेषांपुढे ते हरखून गेले आणि निक्कोच्या सोनेरी, कोरीव, रंगीबेरंगी देवळाला त्यांनी भडक ठरवलं. दोन्ही वास्तू एकाच सतराव्या शतकातल्या. तेव्हापासून साधेपणा हा जपानी आणि झगमगाट हा अपवाद, अशी वाटणी झाली. चहाची कला झेनमय करणारा रिक्यू ज्या सत्ताधीश हिदेयोशीच्या पदरी होता, त्या हिदेयोशीची सोन्याच्या पत्र्यानं मढवलेली चहाची खोलीही तितकीच जपानी होती. रिक्यू स्वतः साकाई बंदरातल्या व्यापारी घरातला, हेही ध्यानात ठेवायला हवं.

पश्चिमेचं झेनप्रेम ऐन भरात असताना अमेरिकेत खरोखरच राहणाऱ्या जपानी बौद्धांचं काय झालं, ही गोष्ट मला फार लागते. १९४२ साली सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेनं काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं. त्यातले बौद्ध बहुतांशी शिनरान यांच्या परंपरेतले होते. १९४४ साली युटामधल्या टोपाझ छावणीत त्यांनी आपल्या संघटनेचं नाव बदलून ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ असं केलं, आपण अमेरिकन आहोत हे दिसावं म्हणून. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ॲलन वॉट्स यांचं ‘द वे ऑफ झेन’ आणि जॅक केरुअक यांचं ‘द धर्मा बम्स’ आलं आणि बौद्ध होणं ही बंडखोर तरुणांची खूण झाली. छावणीतून परतलेल्या, दर रविवारी मुलाबाळांसह देवळात जमणाऱ्या माणसांकडे त्या तरुणांनी पाहिलंही नाही. त्यांना तो बौद्ध धर्म वाटलाच नसावा.

युद्धाचा विषय टाळता येत नाही. झेन आणि तलवार एकच, ही कल्पना सुझुकींच्या १९३८ सालच्या पुस्तकात मोठ्या आदरानं मांडलेली आहे. त्याच सुमारास जपानी फौजा चीनमध्ये होत्या. शाकु सोएन १९०४ साली रशियाविरुद्धच्या युद्धात सैन्यासोबत गेले होते. ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या १९९७ सालच्या ‘झेन ॲट वॉर’ पुस्तकानं झेन धुरिणांची युद्धकाळातली वक्तव्यं बाहेर काढली आणि मोठी खळबळ उडाली. सुझुकींच्या बाबतीत त्यांचे निष्कर्ष वादग्रस्त आहेत आणि तो वाद मी पुढे एका प्रकरणात सविस्तर घेतला आहे. पण संस्थांची जबाबदारी संस्थांनीच मान्य केली. सोतो पंथानं १९९२ साली आणि म्योशिनजी या झेन मठानं २००१ साली युद्धातल्या सहभागाबद्दल माफी मागितली. मृत्यूबद्दलची बेफिकिरी हे आत्मज्ञान आहे असं शिकवणारं तत्त्वज्ञान सेनापतींच्या सोयीचं असतं.

महाराष्ट्रात जपानी बौद्ध धर्म आला तो झेनच्या वाटेनं आलाच नाही. निचिदात्सु फुजी हे निचिरेन परंपरेतले भिक्षू १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा त्यांचा जप आश्रमाच्या प्रार्थनेत रुजला. मुंबईत वरळीला त्यांच्याच संघाचं मंदिर आहे. नागपुरात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून राहिलेले भदंत सुरेई ससाई यांची जपानमधली दीक्षा शिंगोन परंपरेतली. दीक्षाभूमीवर जमणाऱ्या लाखो लोकांना जपानी भिक्षू म्हटलं की ससाई आठवतात. त्यांच्यासाठी तो बौद्ध धर्म माणुसकीच्या लढ्याचा आहे. झेन हा शब्द मात्र आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून आणि पुण्यातल्या ओशोंच्या १९८८-८९ च्या प्रवचनांतून पसरला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या मैत्रीतून केलेली बाग आहे, तिला पु. ल. देशपांडे यांचं नाव दिलं आहे. लोक तिला सहज झेन बाग म्हणून जातात. तिचा नमुना असलेली ओकायामाची कोराकुएन ही बाग १७०० साली पुरी झाली, ती तिथल्या सरदारानं आपल्या आणि पाहुण्यांच्या फेरफटक्यासाठी केली. तीत हिरवळ आहे, पाण्याचे पाट आहेत, चहाचा मळा आहे, भाताची खाचरं आहेत.

इतकं लिहिल्यावर झेनला निकालात काढण्याचा माझा बेत आहे असं कुणाला वाटू नये. पश्चिमेत उगवलेल्या झेननं खरं काम केलेलं आहे. शुन्र्यु सुझुकी १९५९ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या जपानी वस्तीतल्या देवळाचे पुजारी म्हणून आले, आणि संसारी स्त्री-पुरुषांना पहाटे ध्यानाला बसण्याची सवय त्यांनी लावली. स्त्रिया तिथे गुरू झाल्या. क्योतोतल्या दाइतोकुजी या झेन मठात रूथ फुलर सासाकी या अमेरिकन बाईंनी जपानी आणि पाश्चात्त्य अभ्यासक एकत्र बसवून जुने चिनी ग्रंथ शब्दन् शब्द पारखून इंग्रजीत आणवले. गॅरी स्नायडर हा कवी तिथेच शिकला. सासाकीबाईंचं ते काम मी या सगळ्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक काम मानतो. जपाननंही परदेशातून आलेली आपली प्रतिमा नुसती अंगावर घेतली नाही, तिच्यातून घरबांधणी, वस्तू, चित्रपट यांचं नवं सौंदर्य घडवलं. ते सौंदर्य खरंच आहे. फक्त ते विसाव्या शतकातलं आहे, आणि त्याला सहाशे वर्षांचं वय चिकटवलं की बाकीचे सगळे अदृश्य होतात.

पुढची प्रकरणं काळाच्या क्रमानं लावलेली नाहीत. ज्यांना सुझुकी आणि हेरिगेल आधीच ठाऊक आहेत, त्यांनी कावारामोनोंवरच्या प्रकरणापासून वाचलं तरी चालेल. इप्पेन आणि शिनरान यांच्यावर मी जरा जास्त पानं दिली आहेत, कारण मराठीत त्यांच्याबद्दल फारच थोडं लिहिलं गेलं आहे.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि कितीतरी खासगी वर्गांत जपानी शिकणारी मुलं-मुली आहेत. त्यांतल्या बहुतेकांची पुढची वाट कंपन्यांच्या कामाकडे जाते, आणि त्यात वावगं काही नाही. पण इंग्रजीची मध्यस्थी टाळून जपान वाचण्याची ताकद आज मराठीत कुणाकडे असेल तर ती त्यांच्याकडे आहे. इस्साची गद्य-पद्य टिपणं, इप्पेनची चित्रमय चरित्रं, बागकर्म्यांच्या नोंदी, शिनरान यांचे बोल शिष्यानं टिपून ठेवलेलं ‘तान्निशो’, यांतलं काहीतरी त्यांनी थेट मराठीत आणावं, असं मला मनापासून वाटतं. ‘तान्निशो’ अगदी लहान पुस्तक आहे. सुरुवात त्यापासून करता येईल.